मदत हवी आहे: आघातकथन सुरू होताच मूल गोठतं, तेव्हा काय करता?
लहानपणी अत्याचार सोसलेल्या १३ ते १७ वयाच्या मुलामुलींसोबत टीएफ-सीबीटी (आघातातून सावरण्यासाठीची, विचार आणि वर्तनावर काम करणारी मानसोपचार पद्धत) वापरणाऱ्यांना विचारायचंय. एरवी १२ ते १६ सत्रं पुरतात. अत्याचार वर्षानुवर्षं चालला असेल तर २५ पर्यंत जातात, आणि त्यातली निम्मी नुसती सावरायला शिकवण्यात.

अडतं ते कथनाशी, म्हणजे घडलेलं मुलाने स्वतः सांगायच्या टप्प्याशी. नजर एका जागी खिळते, आवाज सपाट होतो, प्रत्येक उत्तर ‘माहीत नाही’. वरून शांत दिसतं म्हणून सत्र पुढे रेटलं जातं आणि तिथेच चुकतं. मूल तेव्हा मनाने खोलीत नसतंच. पाय जमिनीवर दाबणं, दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घेणं, हातात बर्फाचा खडा देणं यांचा उपयोग होतो. दीर्घ श्वासाने मात्र काही जण उलट घाबरतात, कारण शरीराकडे लक्ष नेणंच त्यांना नको असतं. (डोळे मिटायला तर सांगूच नये.)

तर, ० ते १० ताणमापनात कितीवर थांबता? गोठलेलं मूल ‘२’ सांगतं, मग आकड्यावर विसंबायचं कसं? आणि ‘असं काही झालंच नाही’ म्हणणाऱ्या पालकांऐवजी संयुक्त सत्राला (मूल आणि पालक एकत्र बसतात त्या) कोणाला बसवता? घरात धोका कायम असेल तर कथन नाही, हे धरूनच विचारतोय.