कर्ज हे एकटं कारण नसतं
कुणी आत्महत्या केली की 'कर्जापायी केलं' असं एका वाक्यात निकालात काढलं जातं, म्हणून थोडी भर. एनसीआरबीच्या (देशभरातल्या पोलीस नोंदी गोळा करणारी केंद्र सरकारची संस्था) 2022 च्या आकड्यांत आत्महत्यांमागे कौटुंबिक समस्या 31.7 टक्के, आजारपण 18.4 टक्के. पण ही पोलिसांनी नोंदवलेली कारणं. कर्ज किंवा भांडण बहुतेकदा निमित्त ठरतं. खाली नैराश्य, दारू, उडालेली झोप आणि 'आता काही बदलणार नाही' ही हताशा साचलेली असते. नुसत्या उदासीपेक्षा ही हताशा जास्त धोक्याची.

आधी प्रयत्न झालेला असेल तर इस्पितळातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक. नेमके तेव्हाच घरचे 'झालं गेलं विसर' म्हणत विषय मिटवतात आणि फॉलोअप बुडतो. पोलीस केस होईल म्हणून डॉक्टरांपासून लपवणारेही असतात. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरतं.

सरळ विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्यामुळे ते डोक्यात भरत नाही. 'हो' म्हणाले तर उपदेश नको, एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरात नकोत, दुसऱ्याकडे कुलुपात ठेवा. ऊर्मीचा जोर पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही.