टब धुक्यानं भरलेला, तरी मुळं कोरडी! तिसरी चकती लावू का?

ओलंमूळ:
मातीशिवाय, मुळांना नुसतं खतपाण्याचं धुकं देऊन झाडं वाढवतोय. ४० लिटरचा काळा टब, झाकणाला सहा नेट पॉट (जाळीच्या कुंड्या), तळाशी २४ व्होल्टच्या दोन अल्ट्रासॉनिक चकत्या (थरथरून पाण्याचं धुकं करणाऱ्या). तीन पॉटांत लेट्यूस, तीन पॉटांत पुदिन्याचे छाटे. पहिले दहा-बारा दिवस नुसती मजा. मुळांवर कापसासारखी पांढरी लव. रोज दोनदा झाकण उचलून बघायचो (उचलू नये हे माहीत आहे, पण राहवत नाही). आता तिसरा आठवडा. दुपार झाली की लेट्यूस माना टाकतं. झाकण उघडलं तर धुकं इतकं दाट की आत घातलेला हात दिसत नाही, आणि मुळांचा झुपका चिमटीत दाबला तर मधे चक्क कोरडा. चकत्या दिवसभर चालू असतात. अजून एक लावू का? शिवाय एक जण म्हणाला, धुक्यातून खत जातच नाही, नुसतं पाणी जातं. खरं आहे का हे?

चकतीफोड:
तिसरी राहू द्या. आधी पाण्यात थर्मामीटर बुडवा आणि आकडा सांगा.

ओलंमूळ:
३३ अंश. खोलीत २७ आहे.

चकतीफोड:
वाटलंच. चकतीची बरीचशी वीज उष्णता होऊन पाण्यातच मुरते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि पिथियमचं (मुळं कुजवणारा बुरशीसारखा जीव) फावतं. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली की समजायचं. चकत्या वेगळ्या डब्यात न्या, वर पाणी दोन-तीन सेंटीमीटरच ठेवा, आणि छोट्या पंख्यानं पाइपमधून धुकं टबात ढकला. हे थेंब पाचेक मायक्रॉनचे, हवा नेईल तिकडे जाणारे. झुपक्याच्या आत हवाच शिरत नाही, मग धुकं कुठून शिरणार? बाहेरून वळसा घालून जातं.

मीठमोजणी:
खताचं म्हणाल तर ही वाफ नव्हे. वाफ होताना क्षार मागे राहतात. इथे चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरून पाण्याचेच बारीक थेंब उडवते, क्षारांसकट. काच धुक्यात धरा, ओली झाली की वाळवा. पांढरे ठिपके दिसतील ते तुमचं खत. मात्र द्रावण पातळ ठेवा, मुळावरचा थेंब सुकला की क्षार तिथेच साचतात. मी ईसी (द्रावणात क्षार किती, त्याचं माप) १ च्या वर नेत नाही. गाळ असलेलं सेंद्रिय द्रावण तर नकोच.

जुनाखोडकर:
दोन वर्षं या धुक्याच्या नादात होतो. छाट्यांना मुळं फोडायला याला तोड नाही. पण झाड वाढलं, पानांतून पाणी भराभर उडायला लागलं, की धुकं पुरत नाही. मुळं बोटभर होईस्तोवर धुकं, पुढे दाबाच्या पंपाचे फवारे: थेंब ५० मायक्रॉनच्या आसपास, काही सेकंद चालू, चार-पाच मिनिटं बंद. चकतीवर पांढरा थर धरला तर व्हिनेगरनं पुसा. मी नखानं खरवडून एक घालवली.

ओलंमूळ:
चार दिवसांनी कळवतोय. चकत्या बाहेरच्या डब्यात, टबात आता २७. लेट्यूसचे झुपके बोटांनी हलकेच मोकळे केले आणि तळाशी टोकं बुडतील एवढं द्रावण ठेवलं. दुपारी पानं ताठ. पुदिना नुसत्या धुक्यावर खूश आहे. काच म्हणून बायकोचा आरसा धरला होता. ठिपके आलेत भरपूर, सध्या तेच पुसत बसलोय.