खांद्यालगतचे फ्रॅक्चर: प्लेट की कृत्रिम सांधा, खर्च कसा तोलावा?

प्रश्न
माझ्या सासूबाईंचे (वय 71) उजव्या दंडाचे हाड खांद्यालगत मोडून त्याचे तीन तुकडे झाले आहेत. एका डॉक्टरांनी लॉकिंग प्लेट (तुकडे स्क्रूंनी जोडून धरणारी धातूची पट्टी) सुचवली आहे, तर दुसऱ्यांनी ‘रिव्हर्स शोल्डर’ हा कृत्रिम सांधा (यात सांध्याचा गोल आणि वाटी यांच्या जागा उलटवलेल्या असतात). त्याचा अंदाजे खर्च प्लेटच्या कितीतरी पट आहे. या दोन आकड्यांची तुलना कशी करावी?

प्रतिसाद 1
प्लेट आज स्वस्त असते, परंतु हाड ठिसूळ असेल तर स्क्रू हाडाच्या वरच्या गोल टोकातून सांध्यात घुसू शकतात किंवा त्या गोलाचा रक्तपुरवठा तुटून तो खचू शकतो, आणि मग प्लेट काढून कृत्रिम सांधाच बसवावा लागू शकतो. त्या वेळी भूल, ऑपरेशन थिएटर आणि रुग्णालयातील मुक्काम यांचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागतात. म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता किती, हे सर्जनना स्पष्ट विचारावे आणि तिचा संभाव्य खर्च प्लेटच्या बाजूला धरावा. रिव्हर्स सांध्यात खर्चाचा मोठा वाटा इम्प्लांटचा (शरीरात बसवायच्या कृत्रिम भागाचा) असतो. त्यात हात डेल्टॉइड या खांद्यावरच्या स्नायूच्या जोरावर उचलला जातो, त्यामुळे तो स्नायू व त्याचा मज्जातंतू शाबूत असणे आवश्यक आहे.

प्रतिसाद 2
शस्त्रक्रिया न करण्याचा पर्याय दोघांपैकी कोणी मांडला का? ब्रिटनमधील ‘प्रोफर’ चाचणीत (2015) अशा सरकलेल्या फ्रॅक्चरच्या 250 रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांचा हात झोळीत ठेवून नंतर व्यायाम दिले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या हाताच्या वापरात लक्षणीय फरक आढळला नाही, खर्च मात्र शस्त्रक्रियेचा अधिक झाला. सांधा निखळलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते, तेव्हा सासूबाईंचा सांधा जागेवर आहे का, हे आधी विचारा. माझ्या मते तिसरे मत याच प्रश्नासाठी घ्यावे.

प्रतिसाद 3
अंदाजपत्रकात इम्प्लांटची कंपनी आणि किंमत वेगळी लिहून मागा. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने ठरवलेली कमाल किंमत गुडघ्याच्या इम्प्लांटसाठी होती. ती खांद्यालाही लागू आहे, असे गृहीत धरू नका. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असेल आणि महागडी खोली घेतली, तर सर्जनच्या शुल्कापोटी मिळणाऱ्या विम्याच्या रकमेतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. इम्प्लांट आणि औषधांवर मात्र ती लागू होत नाही. फिजिओथेरपी तिन्ही मार्गांत काही महिने लागते, तिचा खर्च सहसा पॅकेजबाहेर असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यांपैकी कोणता उपचार बसतो, हे अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयातील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेच्या मदतनिसांना, दाखल होण्यापूर्वीच विचारावे.