मनगटाचा मज्जातंतू शिवून चार महिने झाले, प्रगती मंद वाटते: मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातील केळी उत्पादक आहोत. पोळ्यानंतर दोन दिवसांनी घड उतरवताना धाकट्या भावाच्या डाव्या मनगटावर, करंगळीच्या बाजूला, कोयता लागला. त्याच रात्री सूक्ष्मदर्शकाखाली अल्नर मज्जातंतू (करंगळीच्या बाजूने हातात उतरणारा, संवेदना व हालचालीचे संदेश नेणारा) आणि दोन कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) शिवण्यात आल्या. आमच्याकडे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू या दोहोंनाही नसच म्हणतात, त्यामुळे रक्त थांबले म्हणजे नस जुळली, असे घरच्यांनी धरून चालले आहे.

मी वाचले त्यावरून हा प्रकार ठिबकची नळी जोडली आणि पाणी सुरू झाले, असा नाही. टाक्यांनी फक्त आवरण जुळते. तुटलेल्या जागेच्या पुढचे तंतू नष्ट होतात (ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी हे १८५० मध्ये दाखवले), मागे राहिलेल्या श्वान (Schwann) पेशी, म्हणजे तंतूंना वेढणाऱ्या आधारपेशी, रांगा धरून वाट तयार ठेवतात आणि वरून फुटलेले नवे कोंब त्या वाटेने दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकतात.

मी टेपने मोजले: व्रणापासून करंगळीच्या टोकापर्यंत सोळा सेंटीमीटर. सुरुवातीचा महिना वगळला तर एव्हाना नऊ सेंटीमीटर अंतर कापले जायला हवे होते. पण नवे कोंब कुठवर पोहोचले ते पाहायला व्रणापासून पुढे बोटाने टिचकी मारत गेलो, तर करंगळीत जाणाऱ्या झिणझिण्या तळहातावर सहा सेंटीमीटरपर्यंतच उठतात. गेल्या महिन्यात त्या चार सेंटीमीटरवर होत्या. मागच्या आठवड्यात भरिताची वांगी भाजताना त्याची करंगळी निखाऱ्याला टेकली आणि फोड आल्यावरच त्याला कळले. करंगळी व अनामिका आत वळू लागल्या आहेत, अंगठा आणि तर्जनी यांमधला स्नायू सुकून तिथे खड्डा पडला आहे, आणि त्या दोन बोटांत धरलेला कागद सहज निसटतो. मला खरी धास्ती या खड्ड्याची आहे, कारण वर्ष-दीड वर्ष संदेश न मिळालेला स्नायू नंतर तंतू पोहोचूनही नीट उभा राहत नाही, असे वाचले आहे.

महिन्याला दोन सेंटीमीटर ही गती चिंतेची आहे का? मज्जातंतूची विद्युत तपासणी आत्ताच करावी, की आणखी दोन महिने थांबावे? वळणाऱ्या बोटांसाठी स्प्लिंट (बोटांना आधार देणारी पट्टी) दिवसभर ठेवावा की रात्रीच? शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांची भेट पुढच्या महिन्यात आहे, पण गरज असेल तर ती अलीकडे घेऊ. तेलाच्या मालिशीचे सल्ले गावात भरपूर मिळाले आहेत, ते कृपया नकोत. ज्यांनी स्वतः हे सोसले आहे किंवा जे फिजिओथेरपीत काम करतात, त्यांनी लिहावे.