सगळ्या तुकड्यांना एकच प्रमाणित कसोटी: हाती काय लागतं, बिघडतं कुठे?

खडूधूळ (प्रश्न)

सहावीच्या 5 तुकड्या, मिळून साधारण 180 मुलं. सध्या ज्याची तुकडी त्याचा पेपर, तपासणारही तोच. आता गणित आणि भाषेसाठी वर्षातून दोनदा सगळ्यांना एकच प्रमाणित कसोटी द्यावी असा प्रस्ताव आहे. बाजूचे म्हणतात तुलना करता येईल, विरोधातले म्हणतात घोकंपट्टी वाढेल. दोन्ही मोघम. तुलना नेमकी कशाची होते, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, आणि बिघडायला लागतं ते कोणत्या टप्प्यावर? कसोट्या काढण्याचं किंवा निकाल वाचण्याचं काम करणाऱ्यांनी लिहावं.

काठिण्यमूल्य

पहिली गफलत नावातच होते. पाच तुकड्यांना एकच पेपर वाटला की तो समान पेपर झाला, प्रमाणित कसोटी नव्हे. सूचना शब्दशः त्याच, वेळ तोच, गुण देण्याची रीत तीच आणि प्रश्न आधी मुलांवर अजमावलेले, एवढं असेल तर प्रमाणित म्हणा. शेवटची अट सर्रास गाळली जाते, कारण खरी मेहनत तिथेच आहे.

सुरुवात संविधान तक्त्यापासून, म्हणजे पेपरच्या आराखड्यापासून. एका बाजूला घटक, दुसऱ्या बाजूला ज्ञान-आकलन-उपयोजन, चौकोनांत गुण. प्रश्न लिहून झाल्यावर भरलेला तक्ता म्हणजे नुसती सजावट, तो आधीच व्हायला हवा. 40 प्रश्न हवे असतील तर निदान 60 लिहा. सहावीअखेरची कसोटी नुकत्याच सातवीत गेलेल्या मुलांवर अजमावता येते.

समजा 100 उत्तरपत्रिका आल्या. एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावून वरच्या 27 आणि खालच्या 27 बाजूला काढा (हा 27 टक्क्यांचा आकडा ट्रुमन केली यांनी 1939 मध्ये सुचवलेला, अजून चालतो). एखादा प्रश्न वरच्या गटात 24 जणांना आला, खालच्या गटात 9 जणांना. काठिण्य, म्हणजे प्रश्न बरोबर सोडवणाऱ्यांचं प्रमाण (आकडा मोठा तितका प्रश्न सोपा), 54 पैकी 33, म्हणजे 0.61. भेदनक्षमता, म्हणजे जाणती आणि कच्ची मुलं वेगळी करण्याची ताकद, दोन गटांतला फरक 15 भागिले 27, म्हणजे 0.56. उत्तम प्रश्न, ठेवा. भेदनक्षमता 0.20 च्या खाली गेली तर प्रश्न सुधारा किंवा टाकून द्या. ऋण आली, म्हणजे जाणत्या मुलांनीच तो जास्त चुकवला, तर सगळ्यात आधी उत्तरसूची उघडून बघा. चूक बहुधा तिथेच निघते.

बहुपर्यायी प्रश्नाचा कस चुकीच्या पर्यायांवर ठरतो. 402 − 178 घ्या. बरोबर उत्तर 224. एक पर्याय 376 ठेवा: प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारं मूल तो उचलतं. दुसरा 324: हातचा घेतला, पण शतकातला एक कमी करायचा राहिला. तिसरा 234: दशकाचे दहा केले, पण एककाला दिलेला एक त्यातून वजाच केला नाही. आता कोण चुकलं याबरोबर कसं चुकलं हेही कळतं. त्याऐवजी 500, 12 आणि 900 असे पर्याय ठेवले तर वजाबाकी न करताही उत्तर सापडतं.

प्रमाणविचलन

वर लिहिलंय ते पटलं. पण प्रश्न कितीही घासूनपुसून घेतले तरी मिळणारा गुण हा अंदाजच असतो, आणि निकालपत्रावर तो अंदाज असल्याचं कुठेच दिसत नाही.

50 गुणांची कसोटी, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) 8, विश्वसनीयता (पुन्हा घेतली तर निकाल किती जुळेल याचं माप, जास्तीत जास्त 1) 0.84 धरा. मापनाची प्रमाण त्रुटी = 8 × √(1 − 0.84) = 8 × 0.4 = 3.2. तेव्हा 31 गुण मिळालेल्या मुलाची खरी पातळी ढोबळमानाने 28 ते 34 च्या पट्ट्यात असावी. जास्त खात्री हवी तर पट्टा दुप्पट, 25 ते 37. दोन मुलांची तुलना करताना तर दोघांच्याही त्रुटी येतात आणि फरकाची त्रुटी साडेचारच्या आसपास जाते. 31 आणि 34 मध्ये वरचा-खालचा ठरवलं तर साधारण चारांत एकदा चूक होते. आणि नेमकं याच तीन गुणांवर तुकड्या पाडल्या जातात!

तुकडीच्या सरासरीचंही तेच. 30 मुलांच्या सरासरीत केवळ मुलं बदलल्यामुळे दीडएक गुणाची हालचाल होते (8 भागिले √30). 'गतवर्षीपेक्षा 1.5 गुणांनी सुधारणा' ही बातमी नव्हे.

शिवाय अंदाजपंचे. चार पर्यायांच्या 40 प्रश्नांत डोळे मिटून सरासरी 10 बरोबर येतात, आणि 15 पर्यंत जाणं काही नवलाचं नाही. त्यामुळे या कसोटीत तळाच्या मुलांबद्दल जवळपास काहीच कळत नाही, आणि मदतीची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. त्यांच्यासाठी सोपे, लेखी उत्तराचे चार-पाच प्रश्न वेगळे घाला.

तासिका_आठवी

गणित बरोबर आहे, पण कसोट्या बिघडतात त्या गणितामुळे कमी आणि निकालाला काय टांगलंय यामुळे जास्त. डोनल्ड कॅम्पबेल या अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात मांडलेला नियम थोडक्यात असा: एखाद्या आकड्यावर जितके निर्णय लादाल तितका तो आकडा आणि त्यामागचं कामही नासत जातं.

मोठ्या प्रमाणावर हे अमेरिकेत दिसलं. 2002 मध्ये लागू झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. 2014 पर्यंत प्रत्येक मूल ठरलेल्या पातळीला पोचलं पाहिजे, नाहीतर शाळेवर कारवाई. पातळी पार केलेल्यांची टक्केवारी हेच माप झाल्यावर सगळं लक्ष रेषेच्या जरा खालच्या मुलांवर गेलं. फार पुढचं मूल आकडा वाढवत नाही, फार मागचं वर्षभरात रेषेपर्यंत येत नाही, दोघंही वाऱ्यावर. चाचणी नसलेल्या विषयांच्या तासिका कापल्या गेल्या. 2015 मध्ये तो कायदा बदलावा लागला. चाचण्या तशाच राहिल्या, शिक्षा सैल झाल्या.

तरी त्या कायद्याची एक गोष्ट मान्य करायला हवी. गरीब घरची मुलं, वेगळी भाषा बोलणारी मुलं, अपंग मुलं यांचे निकाल वेगळे जाहीर करणं बंधनकारक होतं. चांगल्या सरासरीखाली झाकलेली मुलं त्यामुळे दिसायला लागली. ज्याचा-त्याचा पेपर असताना ती कधीच दिसत नाहीत.

बिघाडाची खूण ओळखायची असेल तर गुणांसोबत तीच क्षमता वेगळ्या रूपात तपासा. कसोटीत 'आयताचे क्षेत्रफळ काढा' हा प्रश्न नेहमी आकृतीसह येत असेल, तर आकृती काढून तोच शब्दांत विचारा. खरं शिकणं झालं असेल तर निकाल थोडा खाली येईल. कोसळला, तर मुलं क्षेत्रफळाऐवजी पेपर शिकली आहेत.

आणि भाषा! गणिताच्या प्रश्नात तीन ओळींची गोष्ट घातली की ती वाचनाची परीक्षा होते. गणितात एकूण गुण सारखे असलेली, पण घरची भाषा वेगळी असलेली मुलं एखादाच प्रश्न जास्त चुकवत असतील, तर दोष प्रश्नात शोधा.

उत्तरसूची

एक मुद्दा सुटतोय. स्वतःच्या तुकडीचे पेपर स्वतः तपासताना नीटनेटक्या अक्षराला, शांत मुलाला नकळत झुकतं माप जातं. चीनच्या राजपरीक्षांमध्ये सोंग राजवटीतच यावर इलाज होता: उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकायचे, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून लेखनिकाकडून अख्खी नक्कल करून घ्यायचे. तुम्हाला एवढं करायला नको. नावाच्या जागी क्रमांक, दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकाकडून तपासणी, आणि दीर्घोत्तरी प्रश्न असेल तर आधी सगळ्या गठ्ठ्याचा प्रश्न 1, मग सगळ्यांचा प्रश्न 2. एका उत्तराची छाप त्याच मुलाच्या पुढच्या उत्तरावर पडत नाही. कसोटी प्रमाणित होवो न होवो, हे उद्यापासून करता येईल.

खडूधूळ

आभार. निकालावर मुलांच्या किंवा शिक्षकांच्या तुकड्या ठरवायच्या नाहीत, हे प्रस्तावातच लिहून घेतो. एक अडचण उरते: यंदाची आणि पुढच्या वर्षीची कसोटी वेगळी असणार. मग सुधारणा झाली की पेपर सोपा होता, हे कसं ठरवायचं?

काठिण्यमूल्य

सामाईक प्रश्न ठेवायचे. 40 मधले निदान 8 दोन्ही वर्षी जसेच्या तसे, शब्द, आकृती, पर्यायांचा क्रम यातलं काही न बदलता, आणि पेपरात साधारण त्याच जागी. विसावा प्रश्न एकदम अडतिसावा केला तर दमलेली मुलं तो जास्त चुकवतात. हे आठ संविधान तक्त्यातल्या सगळ्या घटकांतून घ्या, नुसत्या अपूर्णांकांतून नको.

समजा या आठांची सरासरी गेल्या वर्षी 5.0, यंदा 5.1. दोन्ही वर्षांची मुलं साधारण सारखीच. पण उरलेल्या 32 ची सरासरी 21 वरून 18 वर आली असेल, तर मुलं घसरली नाहीत, पेपर अवघड निघाला. उलटही होतं.

यासाठी उत्तरपत्रिका परत देताना प्रश्नपत्रिका मात्र मोजून परत घ्याव्या लागतात. पालक कुरकुर करतील. सरावासाठी त्यांना उरलेल्या 32 प्रश्नांचा संच द्या. आठांपैकी एखादाच प्रश्न यंदा अचानक सगळ्यांना यायला लागला तर तो फुटला आहे असं धरा, त्याला वगळून उरलेल्या सातांवर पुन्हा हिशेब करा.