‘जनुकसुधारित’ मासा नेमका कोणता?

विचारणा (शहादा): उकाई धरणाच्या फुगवट्यालगतच्या मत्स्यपालकांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करत आहोत. ‘गिफ्ट’ तिलापियाच्या पूर्ण नावातील ‘जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड’साठी ‘जनुकसुधारित’ योजावा काय? कच्चा मसुदा वाचताच एका मत्स्यपालकाने विचारले, “हाऊ मासा बीटी शे का?”

उत्तर (जळगाव): योजू नये. कापसाच्या या मुलखात २००२ पासून बीटी बियाणे (दुसऱ्या जीवाचे जनुक घातलेले) रुजले असून वर्तमानपत्रांनी ‘जनुकसुधारित’ हा शब्द त्याच्याच गळ्यात बांधला आहे. गिफ्ट तिलापियात परके जनुक मुळीच नाही. १९८८ पासून फिलिपाइन्समध्ये चांगल्या वाढीचे नर-मादी पिढ्यान्‌पिढ्या निवडून ती जात घडवण्यात आली. आपल्याकडील ‘जयंती’ रोहूही अशाच निवडीतून आली आहे. या दोन्हींसाठी ‘निवड पैदाशीचा’ हे शब्द पुरेसे आहेत आणि बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) विकत घेणाऱ्याला ते समजतात.

ज्याला बीटीच्या पंगतीत बसवता येईल असा खाण्याचा मासा म्हणजे ‘ॲक्वाअ‍ॅडव्हांटेज’ सामन. अटलांटिक सामनमध्ये चिनूक सामनचे वाढ-संप्रेरकाचे जनुक घातलेले असून, ते वर्षभर चालू ठेवणारा नियंत्रक तुकडा ओशन पाउट या थंड पाण्यातील माशाकडून घेतला आहे. त्यामुळे एरवी सुमारे तीन वर्षे घेणारा मासा साधारण दीड वर्षात विक्रीयोग्य होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याला परवानगी दिली, तीही पशु-औषधांच्या कायद्याखाली. म्हणजे घातलेला जनुकीय तुकडा त्यांनी ‘औषध’ मानला! सर्व मासे माद्या, त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेले) म्हणून वंध्य, आणि जमिनीवरील बंदिस्त टाक्यांत वाढवलेले, अशा अटी त्यात होत्या. यासाठी मी ‘पारजनुकीय’ लिहीन.

उत्तर (धुळे): ‘पारजनुकीय’ अचूक आहे, पण जपानमध्ये २०२१ पासून विकला जाणारा, अधिक मांसल मदाई मासा त्यात बसत नाही. त्यात स्नायूंची वाढ रोखणारे त्याचे स्वतःचेच जनुक निकामी केले आहे. बाहेरून काही घातलेले नाही. त्याला ‘जनुकसंपादित’ म्हणावे. हा भेद कोशापुरता नाही, कारण जपानने त्याला पारजनुकीय अन्नाप्रमाणे सुरक्षा-परीक्षणाची सक्ती केली नाही, केवळ शासनाला सूचना देण्याची प्रक्रिया ठेवली.

विचारणा (शहादा): मग आपल्या कायद्यात कोणता शब्द आहे?

उत्तर (जळगाव): पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांत ‘जनुकीय अभियांत्रिकी केलेले जीव’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे, तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘जनुकीय बदल केलेले अन्न’ अशी. दोन्हींत ‘सुधारणा’ नाही, हे मला योग्य वाटते. सुधारणा झाली की नाही, हा निवाडा नावानेच आधी देऊन टाकू नये. पत्रकात ‘निवड पैदाशीचा तिलापिया’ असे छापून लगेच कंसात ‘बीटी नव्हे’ असे लिहावे.