फेसलिफ्ट झालं, मग वर बोटॉक्स कशाला?

कानामागे_टाके: परवा एका धाग्यावर कुणी ठोकून दिलं, "फेसलिफ्ट, बोटॉक्स, फिलर, लेझर सगळं एकदम उरका, पंधरा दिवसांत वरमाय तयार." म्हणजे कातडी ओढून घ्यायचं ऑपरेशन, आठ्या सैल करायची सुई, खळगे भरायची सुई आणि रेघांसाठी कातडीवर मारायचा किरण, सगळं एका दमात! वरमाय आहे की दिवाळीची रंगरंगोटी? माझं फेसलिफ्ट 57व्या वर्षी झालं. कानापुढून मागे केसांत गेलेले टाके, डोक्याला पट्टी. त्याच रात्री डाव्या कानामागे लिंबाएवढा फुगवटा आला. बीपी चढलं होतं, आत रक्त साठलं. पहाटे परत थिएटरात. पंधराव्या दिवशी मी ओढणी गुंडाळून दूध घ्यायला जात होते, मांडवात कसली मिरवतेय! आणि एवढं करून कपाळावरच्या आठ्या जागच्या जागी. फेसलिफ्टनं लोंबलेले गाल, जबडा, मान वर जाते, आठ्या नाही. त्यासाठी पाच महिन्यांनी बोटॉक्स घेतलं. दोन्ही करा, पण एका बैठकीत अजिबात नको.

ओटी_सिस्टर_ठाणे: 19 वर्षं ओटीत (ऑपरेशन थिएटरात) आहे, म्हणून बोलते. "अजिबात नको" हे चूक. फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी खालून सोडवलेली असते, तिचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला. तिच्यावर त्याच दिवशी जोरदार लेझर मारला तर कातडी मरू शकते, हे खरं. पण ओठांभोवतीची कातडी सहसा सोडवत नाहीत, तिथल्या रेघांवर त्याच वेळी लेझर करतात. पोटाची चरबी काढून गालात भरणं तर टेबलावरच होतं. दोनदा भूल कशाला? आणि ताई, तुमचं रक्त साठलं ते काही बोटॉक्समुळे नव्हे.

कानामागे_टाके: बोटॉक्समुळे म्हणाले कुठे मी? वाचत जा नीट.

जावेचा_दीर: माझ्या वहिनीनं लेझर केला तो नुसताच, फेसलिफ्ट वगैरे काही नाही. आपली सावळी कातडी, गालावर काळे डाग उठले. आठ महिने घरात टोपी घालून वावरत होती. एकत्र की वेगळं हा प्रश्न नंतरचा.

नागपुरी_ठसका: बिलाचं कुणीच बोलत नाही बा! तीन वर्षांपूर्वी मामीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी, विमावाल्यांनी तर फाईल उघडलीसुद्धा नाही. अपघातात नाक तुटलं तर कर माफ, गाल लोंबले तर भरा. लोंबणं काय हौसेनं होतं?

पेठकर_दुपारी_बंद: अवांतर, पण नाकाचा विषय निघालाच आहे तर. कावसजी नावाचा गाडीवान, टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेला. पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक केलं. 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आलं. साहेब आपल्याकडून शिकला. आणि आता पुणेकर फिलरसाठी मुंबई गाठतात!

नागपुरी_ठसका: नाक करणारा विटा पाडणाऱ्यांपैकी होता, असंही तिथेच छापलंय. पेठेनं कॉलर ताठ करायचं कारण नाही.

पेठकर_दुपारी_बंद: पेठेनं केलं असं कोण म्हणालं? पुण्याजवळ म्हणालो. नागपूरला भूगोल शिकवत नाहीत वाटतं.

नागपुरी_ठसका: शिकवतात. दुपारीसुद्धा.

कानामागे_टाके: नाकाचा वेगळा धागा काढा हो! इथे माणसं चेहरे पणाला लावतायत.

ओटी_सिस्टर_ठाणे: ताई, शांत. बीपीचं आधीच सांगितलंत. त्या पॅकेजवाल्याची बाजू मी घेत नाहीये. गालात जुनं फिलर असेल तर ते आधी विरघळवून घ्यायला सांगणारे सर्जनही असतात. असल्या पॅकेजात ते कोण विचारणार?

कानामागे_टाके: बरं, ओठांभोवतीचं मान्य. चरबीचंही. घ्या, जिंकलात, ओटी भरायला या. पंधरा दिवसांचं मात्र मेले तरी मान्य करणार नाही.

ओटी_सिस्टर_ठाणे: ते मी म्हटलंच नव्हतं. वाचत जा नीट.

पेठकर_दुपारी_बंद: एकच शंका. कपाळाची कातडी नाकाला दिली, तर कावसजीच्या आठ्या गेल्या असतील का? (ह. घ्या.)